सल्लागार, मॅनेजर की सॉफ्टवेअर? रोजची धावपळ थांबवायला आधी काय घ्यावं

ऑर्डरी वाढतात, माणसं वाढतात, तरी मालकाचा दिवस चुका निस्तरण्यात आणि फोन घेण्यातच संपतो. या चक्रातून सुटायला साधारण तीन पर्याय समोर येतात: बाहेरचा सल्लागार, पूर्णवेळ ऑपरेशन्स मॅनेजर किंवा नवं सॉफ्टवेअर. प्रत्येक विकणारा आपलंच औषध रामबाण असल्याचं सांगतो. घाईत निवड झाली, की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सॉफ्टवेअरचं आधी उरकतो, कारण त्यात बोलण्यासारखं कमी आहे. काम कोणत्या क्रमाने होतं हे ठरलेलं असेल, पण नोंदी पाच ठिकाणी विखुरलेल्या असतील, तर ते जरूर घ्या. क्रमच ठरलेला नसेल, तर गोंधळ वहीतून स्क्रीनवर जातो. शिवाय तो भरायला एक माणूस लागतो.

सल्लागार आणि मॅनेजर यांच्यातली निवड जास्त अवघड. तीच चूक पुन्हा पुन्हा होते आणि कारण सापडत नाही, अशा ठिकाणी सल्लागार उपयोगी पडतो. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रूढ केलेली ‘पाच वेळा का विचारा’ ही पद्धत इथे कामी येते. माल उशिरा का गेला? कच्चा माल नव्हता. का नव्हता? मागवायला उशीर झाला. का? शिल्लक आठवड्यातून एकदाच मोजतात. एकदाच का? मोजणं कुणा एकाच्या अंगावर नाही. का नाही? कामं वाटताना ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. रोज शिव्या खाणारा डिलिव्हरीवाला या साखळीत कुठेच नाही. घरातल्या माणसांना हे विचारता येत नाही असं नाही, पण त्यांना एकमेकांची भीड असते, बाहेरच्याला नसते. सल्लागाराची उणीव मात्र ठरलेली: तो जातो. त्याने सुचवलेलं पुढे रेटणारा माणूस आधी नेमला नसेल, तर हाती फक्त अहवाल उरतो.

कारणं माहीत आहेत, पण सवलतीपासून रजेपर्यंत प्रत्येक निर्णय मालकापाशी तुंबतो, तिथे मॅनेजर हवा. पाच माणसांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या 10 होतात, दहा माणसांत 45. एवढं सगळं एका डोक्यात मावत नाही. मात्र मॅनेजरचा पगार दर महिन्याचा आहे आणि धंदा समजून घ्यायला त्याला वेळ लागतो. पैशांची तंगी असताना हा पर्याय जोखमीचाच.

आणखी एक शक्यता आहे, ती कुणी विकत नाही म्हणून सहसा कुणी सांगतही नाही. कदाचित तुम्ही झेपेल त्याहून जास्त काम घेत असाल. कामं ठरावीक अंतराने येत नाहीत आणि सारखा वेळही घेत नाहीत. अशा ठिकाणी रांगेचं साधं गणित सांगतं, की माणूस 80 टक्के वेळ गुंतलेला असताना कामाला जितकं थांबावं लागतं, त्याच्या सव्वादोन पट 90 टक्क्यांवर आणि पावणेपाच पट 95 टक्क्यांवर थांबावं लागतं. म्हणजे ‘सगळे कायम बिझी’ हीच आगीची काडी. इथे काही ऑर्डरींना नाही म्हणणं किंवा तारीख पुढची देणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मालकांना तो सर्वांत जड जातो, हेही खरं.

पैशांचंही तसंच. माल 40 दिवस पडून राहतो, उधारी 60 दिवसांनी येते आणि पुरवठादाराला तुम्ही 30 दिवसांत देता, तर तुमचे पैसे 70 दिवस अडकतात. हे दिवस तेच राहिले आणि विक्री दुप्पट झाली, तर अडकणारी रक्कमही साधारण दुप्पट होते. अशी वाढ नफ्यातल्या धंद्यालाही पगाराच्या दिवशी घाम फोडते. त्यावर उपाय वसुलीचा आहे; त्यासाठी मॅनेजर नेमून पगाराचा खर्च वाढवून ठेवू नका.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी महिनाभर प्रत्येक अडचण एका ओळीत लिहून ठेवा: काय झालं, कुणी सोडवलं, याआधी झालं होतं का. तेच तेच दिसलं आणि कारण उमगेना, तर सल्लागार. पण ठरावीक मुदतीचा, आणि एकाच अडचणीसाठी. ‘कुणी सोडवलं’ खाली सगळीकडे तुमचंच नाव असेल, तर मॅनेजर. नोंदी शोधण्यातच वेळ गेलेला दिसला, तर सॉफ्टवेअर. दोन कारणं सारखीच दिसली, तर मी आधी ऑर्डरी आणि उधारी आवरेन, मग माणूस नेमेन.

मॅनेजर नेमलाच, तर कोणते निर्णय आणि किती रकमेपर्यंतचे तो तुम्हाला न विचारता घेईल, हे पहिल्याच आठवड्यात लिहून सगळ्यांना सांगा. जुने ग्राहक तरीही थेट तुम्हालाच फोन करतील. त्या फोनवर तुम्ही सवलत देऊन टाकलीत, तर पुढच्या वेळी मॅनेजरकडे कुणी जाणार नाही.