अर्जुनसाल सात महिने घेतली, त्याचा अनुभव

आधी दोन महिने ऑनलाइन मागवलेलं तयार चूर्ण घेतलं. ते पैसे गेले असंच समजा. श्रावणात परभणीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो अख्खी साल आणली तेव्हा फरक कळला. खरी साल बाहेरून करडी, आतून फिकट लालसर, आणि तुकडा चघळला की कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं तोंड आकसतं. त्या चूर्णाला चव होती मातीची. हा तुरटपणा टॅनिनचा. ज्या अँटीऑक्सिडंटच्या नावावर ही साल विकतात ते गॅलिक आम्ल, इलॅजिक आम्ल, प्रोअँथोसायनिडिन बहुतेक त्याच तुरट कुळातले. तुरटच नसेल तर घ्यायचं कशाला?

करायची रीत क्षीरपाकाची. 5 ग्रॅम भरड साल, आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि दूध तेवढं उरेपर्यंत मंद आचेवर आटवायचं. पहिल्या दिवशी मायनं लोखंडी कढईत ठेवलं अन् दूध निळंकाळं झालं! "माय, हे काय झालं?" तर म्हणे, "साल शिजायलीय, अजून काय?" टॅनिन लोखंडाला धरतं, हिरडा अन् हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची जुनी शाई अशीच व्हायची. तेव्हापासून स्टीलचं पातेलं. बायकोच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळं तिला काढा दिलाच नाही.

आता गुण. बीपीची गोळी मी बंद केली नाही, डॉक्टरांनीही करू दिली नाही. आकडा होता तिथंच आहे, कोलेस्टेरॉलही. परीक्षानळीत जोर दाखवणारी ही मोठाली प्रोअँथोसायनिडिनं आतड्यातून रक्तात फारशी जातच नाहीत, हे मला उशिरा कळलं. पहिले पंधरा दिवस पोट कडक झालं, तेवढा परिणाम मात्र नक्की. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

तरी सोडली नाही, कारण या काढ्यामुळं संध्याकाळचा साखरेचा चहा सुटला. वजन दोन किलो उतरलं ते त्यानंच, असा माझा अंदाज.

दुधनाकाठी आमच्या शेताजवळ एक जुना अर्जुन होता. पाच पंखांची फळं पोरं गोळा करायची. कुणीतरी बुंध्याची साल गोलाकार, आतल्या लाकडापर्यंत सोलून नेली आणि झाड उभ्या उभ्या वाळलं. एका बाजूची वरवरची काढली असती तर परत भरून आली असती. संक्रांतीआधी दुकानदाराला विचारलं, तुमच्याकडं साल येते कुठून?

"येती कुठून तरी. किती द्यायची?"

पाव किलो घेतली.