२⁶⁷ − १ या संख्येवर पारखलेलं पारी-जीपी

एक्सेलमध्ये १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या टाका आणि फॉर्म्युला बारमध्ये बघा. शेवटचे सहा अंक शून्य झालेले दिसतील, कारण एक्सेल पंधराच अंक सांभाळतं. विषम संख्या सम होऊन बसली, की पुढे काढलेले अवयव आणि बाक्या सगळं वाया. कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लसवर अवयव पाडायची सोय आहे, पण ती दहा अंकांपुरतीच, शिवाय मोठे अवयव न फोडता कंसात ठेवले जातात. एवढ्या मोठ्या संख्यांसाठी पारी-जीपीच घ्यावं. फ्रान्सच्या बोर्दो विद्यापीठात घडलेलं हे संख्यांच्या गणिताचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स दोन्हींवर चालतं.

वरची संख्या म्हणजे २⁶⁷ − १. ती संयुक्त, म्हणजे मूळ नसल्याचं फ्रेंच गणिती ल्यूकाने १८७६ साली दाखवलं. अवयव मात्र अमेरिकन गणिती फ्रँक कोलने १९०३ साली मांडले. जीपीत 'फॅक्टर' आज्ञा दिली की पापणी लवायच्या आत उत्तर येतं: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. डाव्या रकान्यात अवयव, उजव्या रकान्यात घातांक. उत्तराचा पडताळा हातानेही घेता येतो. इथला प्रत्येक मूळ अवयव वजा १ केल्यावर १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, निःशेष भागला जायला हवा. भागाकार येतात १४४५५८० आणि ५६८५३६०१२९. फार सुंदर गुणधर्म आहे हा.

हीच संख्या एका फसव्या चाचणीचाही चांगला नमुना आहे. पाया २ घेऊन फर्माची चाचणी लावली, म्हणजे २ चा (संख्या − १) वा घात त्या संख्येने भागला, तर बाकी १ येते, म्हणजे संख्या मूळ असल्यासारखी वागते. म्हणून एकाच पायावर विसंबू नये, संख्या मूळ आहे का ते तपासणारं 'इझप्राइम' थेट वापरावं. ते इथे बरोबर शून्य, म्हणजे 'मूळ नाही' असं उत्तर देतं. 'फॅक्टर' मात्र खूप मोठे अवयव संभाव्य मूळ म्हणूनच देतं. पक्की सिद्धता हवी असेल तर 'फॅक्टर_प्रूव्हन' ही सेटिंग १ करून ठेवावी.

नवख्यांचं अडतं ते टंकताना. संख्येत स्वल्पविराम चालत नाही. १०^२० पूर्णांक आहे, पण १ई२० लिहिलंत तर तो दशांश धरला जातो आणि 'इझप्राइम' चूक दाखवून थांबतं. साध्या तिरक्या रेघेने भागलं तर अपूर्णांक मिळतो; पूर्णांक भागाकाराला उलटी तिरकी रेघ लागते. मोठं गणित चालू असताना 'स्टॅक ओव्हरफ्लो' आलं, म्हणजे मेमरी अपुरी पडली, तर 'पारीसाइझमॅक्स' ही मेमरीची मर्यादा वाढवून एक गिगाबाइट करावं.

वेग कुठे कमी पडतो तेही सांगायला हवं. जवळपास सारख्याच आकाराच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार शंभर अंकांकडे गेला की हे रेंगाळतं. त्यापुढे काडो-एनएफएस हे खास अवयव पाडायचं सॉफ्टवेअर लागतं. २०२० साली २५० अंकी आरएसए संख्या (फोडून दाखवायचं आव्हान म्हणून जाहीर केलेल्या संख्यांपैकी एक) त्यानेच फोडली.