मंगळवारची जनसुनवाई की तहसिलातली पेशी?

सांवेरच्या शेताचं नामांतरण (महसुली नोंदीत मालकाचं नाव बदलणं) अडलं, तेव्हा काका मंगळवारी इंदूरच्या कलेक्टर कचेरीत जनसुनवाईला, म्हणजे साहेबांपुढे थेट तक्रार मांडायला, निघाले. मी थांबवलं.

जनसुनवाईला वकील लागत नाही. साहेब अर्ज वाचतात, कोपऱ्यात शेरा मारून संबंधित खात्याकडे धाडतात. दोन मिनिटांत आटोपतं. (आटोपतं, होतं असं नव्हे!)

तहसिलातली पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, कंटाळवाणी खरी. पण तिथे मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेखाली (जमीन महसुलाचा कायदा) प्रकरण नोंदलं जातं, इश्तिहार (जाहीर सूचना) निघतो, हरकती मागवतात, आत्यासारख्या दुसऱ्या पक्षाचीही बाजू ऐकतात आणि मग लेखी आदेश होतो. तो पटला नाही तर एसडीएमकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील. शेऱ्यावर कसलं अपील करणार?

हां, तहसिलात तारीखच लागत नसेल तर मंगळवार कामाचा. अर्जात प्रकरण क्रमांक तेवढा लिहावा.