वनामी कोळंबी की शिणाणे?

खाडीकाठी वनामी जातीच्या कोळंबीचं तळं करू की शिणाणे (खडकाला, दोराला चिकटून वाढणारे शिंपले) लावू, असं मामेभावाने विचारलंय.

खर्चात वनामी फार जड: तळं, बी (म्हणजे पिल्लं), खाद्य, एअरेटरची (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राची) वीज, शिवाय नोंदणी. शिणाण्यांना खाद्यच नको. पाण्यातलं प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून खातात. बांबूचा तराफा, दोर, बी, एवढंच.

वनामी तीन-चार महिन्यांत निघते, पैसाही मोठा. पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला तर काही दिवसांत तळं रिकामं. शिणाण्यांना पाच-सहा महिने लागतात. पावसाने पाणी गोडं व्हायच्या आत काढायलाच हवेत. आणि सांडपाणी येणाऱ्या खाडीत लावूच नका, घाण त्यांच्या अंगात साठते, खाणारी माणसं आजारी पडतात.

भांडवल आणि रात्री तळ्यावर थांबणारं माणूस असेल तर वनामी. कमी पैशात घरच्यांनी किंवा बचत गटाने करायचा जोडधंदा हवा असेल, तर शिणाणेच.