रीजनल एअरलाइनचं ऑफर लेटर: दर चोख, बोनस जपून

अमेरिकेतल्या रीजनल एअरलाइन्स, म्हणजे डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या मोठ्या एअरलाइन्सच्या रंगात पन्नास ते ७६ सीटची विमानं उडवणाऱ्या कंपन्या, पायलटला जे ऑफर लेटर पाठवतात त्यात बोनसचा आकडा सगळ्यात ठळक असतो. भरवसा मात्र त्याचाच सगळ्यात कमी. इथे परीक्षण आहे ते या ऑफरचं, पैसे मोजून घ्यायच्या मालासारखं: हातात काय पडतं, कापलं काय जातं, अडकायला कुठे होतं. पाचपैकी साडेतीन तारे.

दराला पूर्ण गुण. साधारण दशकभरापूर्वी नवा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, तासाला वीस-पंचवीस डॉलरवर रुजू व्हायचा. जून २०२२ मध्ये अमेरिकनच्या मालकीच्या पीडमाँट आणि एन्व्हॉय या कंपन्यांनी पहिल्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरचा दर ९० डॉलर आणि कॅप्टनचा १४६ डॉलरवर नेला. ऑगस्टमध्ये मेसाने १०० आणि १५० जाहीर केले. मग बाकीच्यांनाही हलावं लागलं.

पण तासाचा दर एकटा वाचायचा नसतो, शेजारी महिन्याची गॅरंटी, म्हणजे उडालात न उडालात तरी किमान किती तासांचे पैसे मिळणार ते, ठेवायची. ७२ तासांची गॅरंटी आणि ९५ डॉलर दर धरला तर महिन्याचे ६,८४० होतात. ७६ तास आणि ९० डॉलर धरला तरी तेवढेच, ६,८४०. वरवर पाच डॉलर जास्त देणारी कंपनी प्रत्यक्षात दमडीही जास्त देत नाही. शिवाय पगाराचा तास ब्लॉकचा, म्हणजे विमान गेटवरून हललं की सुरू आणि पुढच्या गेटला लागलं की बंद. विमानाची बाहेरून तपासणी, बोर्डिंग, दोन फ्लाइटच्या मधला तीन तासांचा खोळंबा, यांतलं काहीच मीटरवर चढत नाही. म्हणून बारा तासांच्या ड्यूटीत पाचच तासांचे पैसे, असा दिवस सहज निघतो. यावर उतारा म्हणजे करारातलं 'दिवसाला किमान इतक्या तासांचं क्रेडिट' हे कलम, आणि फ्लाइट रद्द झाली तरी पैसे देणारं कलम. ही दोन्ही नसतील तर ९० चा दर कागदावरच छान.

आता बोनस. उदाहरणापुरता तीस हजार डॉलरचा आणि दोन वर्षांच्या बांधिलकीचा धरू. पगाराव्यतिरिक्तच्या अशा रकमेवर कंपन्या सहसा सरसकट २२ टक्के फेडरल कर कापतात: ६,६०० गेले. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के, म्हणजे आणखी २,२९५. हातात २१,१०५ उरतात, त्यातून राज्याचा कर वेगळा. आणि ही उचल आहे, बक्षीस नव्हे. मुदतीआधी सोडलं तर परत करायची.

परत किती आणि कशी, यावर सगळं ठरतं. चांगल्या करारात दर महिन्याला चोविसावा हिस्सा फिटत जातो, त्यामुळे तेविसाव्या महिन्याअखेर सोडलं तर फक्त १,२५० द्यायचे. वाईट करारात तेविसाव्या महिन्यातही पूर्ण तीस हजार. त्याहून वाईट म्हणजे रक्कम कर कापायच्या आधीची मागणं. त्याच कॅलेंडर वर्षात परत केली तर पगारखातं हिशोब बराचसा दुरुस्त करू शकतं. वर्ष उलटलं की जे २१ हजार मिळाले होते त्यांच्या बदल्यात ३० हजार खिशातून भरायचे आणि जास्तीचा आयकर पुढच्या रिटर्नमध्ये सोडवून घ्यायचा. रक्कम ३,००० डॉलरच्या वर असेल तर आयकर कायद्याचं कलम १३४१ मदतीला येतं, पण ते काम सॉफ्टवेअरच्या भरवशावर न सोडता कर सल्लागाराकडे द्यावं.

करारात आणखी तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा. मुदत कधीपासून मोजतात: रुजू झाल्यापासून, प्रशिक्षण संपल्यापासून, की शेवटचा हप्ता मिळाल्यापासून? मेडिकल, म्हणजे उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, गेलं किंवा कंपनीनेच फर्लोवर (बिनपगारी सक्तीच्या रजेवर) पाठवलं तर वसुली होते का? आणि कॅप्टनची जागा नाकारली तर ते 'सोडणं' धरलं जातं का? या तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण पान उलटतात आणि नेमकी तिथेच मेख असते.

कारण पायलटची टंचाई खरी कुठे आहे ते पाहा. फेब्रुवारी २००९ मध्ये बफलोजवळ कोलगन एअर या रीजनल कंपनीच्या विमानाच्या अपघातात ५० जण गेले. त्यानंतर २०१० चा कायदा आणि २०१३ चा नियम आला: उजव्या, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या, सीटवर बसायलाही एटीपी (सगळ्यात वरच्या दर्जाचं पायलट) लायसन्स, म्हणजे साधारण १,५०० तास. सैन्यातून आलेल्यांना ७५०, विमानचालनाची मान्यताप्राप्त चार वर्षांची पदवी असलेल्यांना १,०००, दोन वर्षांची असलेल्यांना १,२५० तास पुरतात. पण डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटवर जायला एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर म्हणून, किंवा तत्सम ठरावीक कामात, आणखी १,००० तास लागतात. २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांनी ज्येष्ठांना मुदतपूर्व निवृत्ती दिली, प्रवासी परतल्यावर त्यांनी रीजनलचे कॅप्टन उचलले आणि इथे उजव्या सीटवाले भरपूर, डावीकडे कोणी नाही अशी गत झाली. कॅप्टन नाही म्हणून विमान उभं, विमान उभं म्हणून फर्स्ट ऑफिसर रिझर्व्हवर, म्हणजे बोलावण्याची वाट पाहत राखीव, घरी बसून, आणि तास न भरल्यामुळे नवे कॅप्टन तयार होत नाहीत. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने सरकारी अनुदानावरच्या २९ छोट्या शहरांची सेवा सोडण्याची नोटीस दिली ती याच पेचात.

पायलट संघटना अल्पा म्हणत आली की लायसन्सवाले भरपूर आहेत, पगार अपुरा आहे. कंपन्या १,५०० तासांच्या नियमाकडे बोट दाखवत राहिल्या. रिपब्लिक या रीजनल कंपनीने आपल्या अकादमीच्या मुलांसाठी ७५० तासांची सूट मागितली, ती एफएए या अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये फेटाळली. दर वाढल्यावर उजव्या सीटच्या प्रशिक्षणाचे वर्ग भरले, हे पाहता संघटनेचं पारडं जड वाटतं. डाव्या सीटच्या टंचाईवर मात्र नुसता पैसा चालत नाही, तिथे वेळच लागतो. म्हणूनच सहा आकडी बोनसच्या जाहिराती मुख्यतः आधीच हजार तास झालेल्या, थेट कॅप्टन होणाऱ्यांसाठी असतात. नवख्याने तो आकडा आपला समजू नये.

नवख्याला त्यापेक्षा मोलाची गोष्ट ऑफरमध्ये असते आणि तिची जाहिरात कमी होते: प्रशिक्षण. एटीपी लायसन्सच्या परीक्षेआधीचा सक्तीचा एटीपी-सीटीपी कोर्स (३० तास वर्ग, १० तास सिम्युलेटर) अनेक कंपन्या स्वतःच्या खर्चाने करून घेतात आणि ई-१७५ किंवा सीआरजे या रीजनल जेटचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याचा परवाना, नोकरीतच मिळतं. फक्त या कोर्सचा खर्चही वसुलीच्या कलमात घुसवलाय का ते बघा. प्रशिक्षण अर्धवट सोडलं किंवा चेकराइड (परीक्षकासमोरची उड्डाण चाचणी) नापास झाली तर नोंद एफएएच्या पायलट रेकॉर्ड डेटाबेसमध्ये जाते आणि पुढची कंपनी ती वाचते. तेव्हा दुसरीकडून दहा हजार जास्त मिळतायत म्हणून सिम्युलेटरच्या मधूनच निघून जाणं महागात पडतं. टाइप रेटिंगनंतर १२० दिवसांत १०० तास उडवायचे असतात. कंपनीत कॅप्टन कमी असतील तर इथेच गाडी अडते. म्हणून भरती विभागाला सरळ विचारावं: नव्या फर्स्ट ऑफिसरचे रिझर्व्हवर महिन्याला सरासरी किती तास होतात? उत्तर टाळलं तर ते उत्तरच आहे.

मोठ्या कंपनीत थेट जाण्याचा 'फ्लो' हा ऑफरचा दुसरा दागिना. एन्व्हॉय, पीएसए, पीडमाँटमधून अमेरिकनकडे तसा रस्ता आहे. पण तो सीनियॉरिटीने सरकतो आणि वरच्या कंपनीने भरती थांबवली की रांग जागच्या जागी. २०२४ मध्ये विमानं वेळेवर मिळेनात म्हणून मोठ्यांनी हात आखडता घेतला, तेव्हा रीजनलच्या ऑफर हातात असलेल्यांनाही क्लास डेटसाठी, म्हणजे प्रशिक्षण सुरू होण्याच्या तारखेसाठी, महिनोन्‌महिने थांबावं लागलं. एक रीजनल सोडून दुसऱ्या रीजनलला गेलात तर सीनियॉरिटी पुन्हा तळापासून, आणि फर्लोची कुऱ्हाड तळावरच पहिली पडते.

दीड तारा गेला तो बोनसच्या अटी आणि रिझर्व्हची अनिश्चितता यांच्यापायी. घराजवळ बेस असलेली, दिवसाचं किमान क्रेडिट देणारी आणि हप्त्याहप्त्याने फिटणारा बोनस असलेली ऑफर आली तर घ्यावी, रक्कम निम्मी असली तरी. क्लास डेट लेखी येईपर्यंत तास भरण्यासाठी धरलेली फ्लाइट इन्स्ट्रक्टरची नोकरी सोडू नये, आणि बोनसमधले परतफेडीपुरते पैसे मुदत संपेपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवावेत.