मुरूम टाकून घेताय? आधी गाडी मोजा

लाज वाटते सांगायला, पण गप्प बसले तर खळ्याचं काम करणारा तो ठेकेदार अजून चार घरं बुडवील. ४४,५०० रुपये गेले. मालवणात घरामागे २० बाय २० फुटांचं खळं, म्हणजे अंगण, खाली मुरूम, वर पेव्हर ब्लॉक. चौरस फुटाला ८५ प्रमाणे ३४,०००, आणि तीन ब्रास मुरमाचे १०,५०० वेगळे. पहिल्या मोठ्या पावसात निम्मं खळं चार बोटं खचलं आणि पाणी वळलं थेट पडवीकडे.

मुरूम आला छोट्या हत्तीतून, म्हणजे लहान टेम्पोतून, दोन खेपांत. तिथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती! ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्या दोन खेपांत एक ब्रासही धड भरत नाही. तीन ब्रास खरंच पडला असता तर ४०० फुटांत नऊ इंचांचा थर आला असता. इथे पाऊल बुडेना. बरं, मी विचारलं नाही असंही नाही. "बाकीचो उद्या येतलो, काकी." ना ठोकायला धुम्मस, ना रोलर. "पावसात आपोआप बसतलो, तुमी कायच काळजी करू नकात." घरात आंब्याच्या पेट्या भरायची घाई, दारात टेम्पो उभा, टेप घेऊन कोण बसणार? त्यात माणूस गावातला, गणपतीत आमच्याकडे भजनाला येणारा.

एक ब्लॉक उचकटून बघितला. खाली बोटभर वाळू आणि त्याखाली आमची तांबडी माती, जशीच्या तशी. पिवळं पडलेलं गवत मुळांसकट, आणि कोंब फुटलेली काजूची बी. वरची माती काढलीच नव्हती मेल्याने.

मुरूम थराथराने पाणी मारून ठोकून घ्या. ढाळ घरापासून बाहेर, दहा फुटांना दोन इंच. पाइपात पाणी भरून लेव्हल स्वतः बघा.

पोलीस म्हणाले, "काम केलंय ना, मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." म्हणजे चार ब्लॉक टाकले की चोरी माफ! ग्रामपंचायतीत गेले, तर खाजगी खळ्याशी आमचा संबंध नाही. घरपट्टी घेताना बरा संबंध असतो! परत पोलिसांकडे गेले तर साहेब बंदोबस्ताला, आणि जो होता तो म्हणतो बिल दाखवा. बिल कोण देतं हो खळ्याच्या कामाचं? तेव्हा कच्च्या कागदावर का होईना, ब्रास, जाडी, दर लिहून सही घ्याच. रोख देऊ नका. माझे मुरमाचे पैसे तेवढे मोबाइलवरून गेलेत, तोच एक पुरावा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे मला एकाही सरकारी खुर्चीने सांगितलं नाही, भाच्याने सांगितलं.

शेवटचा हप्ता एक पाऊस बघितल्याशिवाय सोडू नका. फोन तो आता उचलत नाही. स्टेटसला मात्र एका चकचकीत खळ्याचा फोटो, खाली "दर्जेदार काम, वाजवी दर". भुलू नका. ते खळं माझं आहे, पावसाच्या आधीचं.