आकाशकंदील: कामट्यांचा की कार्डपेपरचा?

कार्डपेपरचा अर्ध्या तासात होतो. कागद दुमडा, घडीकडून कात्रीने चिरा द्या (कडेपर्यंत नेऊ नका), गोल करून स्टेपल मारा, शेपट्या चिकटवा. ऑफिसातून दमून आल्यावर एवढंच झेपतं. पण दमट हवेत तो लवकर मान टाकतो.

कामट्यांच्या कंदिलाला दोन संध्याकाळी लागतात. सारख्या लांबीच्या २४ कामट्या, त्यांचे सहा चौकोन, कोपऱ्याला कोपरा दोऱ्याने घट्ट बांधायचा. मग मैद्याची खळ शिजवून पतंगी कागद लावायचा. खळ वाळली की कागद कसा ताठ होतो, ते मुलांना बोटाने टिचकी मारून ऐकू द्या! सांगाडा माळ्यावर ठेवला की पुढच्या दिवाळीला फक्त कागद बदलायचा. मी कामट्यांच्याच बाजूची. आत दिवा मात्र एलईडीचाच लावा.